तिच्या चिमटीत काय होतं

पेणमध्ये मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं, "काय हो, तुम्ही कतारला होतात तेव्हा स्टेडियम बांधलीत ना?" त्यांचंही चुकत नाही. फुटबॉलच्या विश्वचषकाची तयारी चालली होती ती वर्षं. सगळं दोहा शहर उकरून ठेवलं होतं, सकाळी ज्या रस्त्याने गेलो तो संध्याकाळी परत येताना जागेवर सापडत नसे. आपल्याकडची किती तरी माणसं त्या कामांवर होती. सुतार, वेल्डर, क्रेन चालवणारे. मी मात्र एकाही स्टेडियमला हात लावला नाही. मी खांब ओतत होतो, आणि तेही ग्रीक.

हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा उत्साह मावळतो. संपादक अनुभव लिहा म्हणून मागे लागले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, खांबांबद्दल लिहीन. लिहिणारच आहे. पण मनात आहे ते एका दगडी बाईच्या दोन बोटांबद्दल. त्या बोटांपायी मी माझ्या बायकोला, निर्मलाला, एकदा खोटं सांगितलं आणि ते खोटं इतकी वर्षं आमच्या घरात राहिलं.

आधी धंदा समजावून सांगतो. आमचा पेणला गणपतीचा कारखाना. वडिलांचा हात मातीत बसलेला, माझा साच्यात. मूर्तीवरून साचा घ्यायचा, साच्यातून मूर्ती काढायची आणि साच्याच्या जोडाची रेघ कुणाला दिसणार नाही अशी घासायची, हे मला लहानपणापासून येत होतं. पुढे भावाभावांत कारखाना विभागला, माझ्या वाट्याला आलेल्या कोपऱ्यात दोन माणसं धड उभी राहत नव्हती. तेव्हा दोहातल्या एका कंपनीला साचेकार हवाय असं कळलं आणि मी गेलो. मुलाखतीत त्यांनी मला बोटभर मूर्ती करायला सांगितली नाही. एक फुटलेली कांगणी दिली, भिंतीच्या वर असते तशी नक्षीची पट्टी, आणि म्हणाले, जोड. मी जोडली. जोड कुठे आहे ते त्यांना सापडेना, म्हणून घेतलं.

कंपनी श्रीमंतांच्या बंगल्यांना नटवायचं काम करायची. तिकडे बंगल्याला व्हिला म्हणतात, आणि व्हिलाला ग्रीक खांब नसले तर मालकाला चैन पडत नाही. ग्रीक खांबांच्या मुख्य जाती तीन. पहिला साधा, डोक्यावर एक चपटी उशी आणि तिच्यावर चौकोनी पाट. दुसऱ्याच्या डोक्याला मेंढ्याच्या शिंगांसारखी दोन वळी. तिसऱ्याच्या डोक्यावर पानांची भरगच्च टोपली. या क्रमानेच ती माणसं साध्यावरून नटव्यावर गेली. गिऱ्हाईक मात्र सुरुवातच पानांपासून करतं.

एका गिऱ्हाइकाला एकाच पोर्चला तिन्ही जातींचे खांब हवे होते. आमचा इंजिनियर हानी साहेब, इजिप्तचा, त्याने हात जोडून विचारलं की असं का. तर म्हणे, माझे तीन मुलगे आहेत, प्रत्येकाला एक.

"पण खांब चार आहेत," हानी साहेब म्हणाला.

"चौथा माझा. तो सगळ्यांत उंच कर."

छत तिरकं होईल हे त्याला पटवायला आठवडा गेला. शेवटी चौथ्या खांबाची पानं मी दुप्पट दाट केली आणि म्हातारा खूश झाला.

दुसऱ्या एकाच्या बागेत ग्रीक पहिलवानाचा पुतळा उभा करायचा होता. मूळ पुतळा अंगावर सूतभर कापड नसलेला. मालकाच्या आईने फोटो पाहिला आणि घरात रणकंदन झालं. हानी साहेब माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "मिस्त्री, समथिंग पुट. यल्ला, जल्दी." मी प्लास्टरने पुतळ्याला वस्त्र चढवलं. आता माझ्या हाताला वस्त्र म्हणजे एकच ठाऊक, गणपतीचा पीतांबर. त्याच चुण्या, तोच मधला सोगा. दोहाच्या कुठल्याशा बागेत एक ग्रीक पहिलवान आजही पेणचा पीतांबर नेसून उभा असेल. म्हातारीला तो फार आवडला असं ऐकलं.

एका गोष्टीचा मात्र मला खरा अभिमान आहे. पहिल्या पोर्चचे खांब आम्ही नकाशाप्रमाणे नळीसारखे सरळ ओतले. उभे केल्यावर ते मधे खंगल्यासारखे दिसायला लागले. मोजमाप बरोबर, डोळ्याला मात्र चूक. पुढच्या वेळी मी कुणाला न सांगता साचा मधे किंचित खरवडला, म्हणजे खांबाचं पोट बोटभर फुगलं आणि वर तो निमुळता झाला. हानी साहेबाने नकाशा आपटला, माझा उद्धार केला. खांब उभे राहिल्यावर तो लांब जाऊन बराच वेळ बघत राहिला. पुढचे नकाशे फुगवटा धरूनच यायला लागले. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीकांनी नेमकं हेच केलं होतं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला कुणाला तरी हे सांगावंसं वाटत होतं. शुक्रवार नव्हता, म्हणून घरी फोन केला नाही. खोलीतल्या तिघांना माझी भाषा येत नव्हती. मी कॅम्पच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि मग जेवायला गेलो.

एकटेपणाबद्दल लोक विचारत नाहीत, म्हणून तेही लिहून टाकतो. एका खोलीत आम्ही चौघे, दोन नेपाळी, एक बांगलादेशी आणि मी. भांडण कधी झालं नाही, कारण भांडायलाही भाषा लागते. हिंदीवर कामापुरतं भागायचं. शुक्रवारी सुट्टी. मी बस धरून सूक वाकिफच्या जुन्या बाजारात जायचो, मसाल्यांच्या गोण्यांमधून हिंडायचो, काही न घेता परत यायचो. मराठी बोलायला मिळे ती आठवड्यातून वीस मिनिटं, निर्मलाशी. त्यातली दहा "ऐकू येतंय का"मध्ये जायची. उरलेल्या दहांत ती घरचं सांगायची. तिने कधी काही मागितलं नाही. कधी येणार, एवढं मात्र प्रत्येक फोनच्या शेवटी विचारायची. मी म्हणायचो, बघू, इन्शाल्ला. ती म्हणायची, ते काय ते मराठीत सांगा.

एका वर्षी अल खोर गावच्या एका पुणेकर इंजिनियरने मला शोधून काढलं. त्यांना शाडूचा गणपती हवा होता. मी वीतभर मूर्ती केली. त्यांनी गाडी पाठवली, पाटावर बसवून जेवू घातलं, मोदक वाढले. त्यांची मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. आई म्हणाली, "काकांना विचार ना, मूर्ती कशी करतात." ती मुलगी म्हणाली, "आय नो, मम्मा. आय सॉ द व्हिडिओ." सगळे हसले, मीही हसलो. दीड दिवसाने बाल्कनीत बादलीत विसर्जन झाल्याचा फोटो त्यांनी पाठवला. आमचं काम असं, की ते विरघळलं तरच पुरं होतं.

आता दिमित्राबाईंकडे येतो. दोहातच मुशैरिबला जुन्या घरांच्या जागी नवीन चकाचक वस्ती उभी राहत होती. तिथल्या एका दालनात शाळेच्या मुलांसाठी ग्रीक कलेचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. मूळ वस्तू नव्हत्या, युरोपातल्या संग्रहालयांतल्या पुतळ्यांवरून काढलेल्या प्लास्टरच्या नकला होत्या. त्या खोक्यांतून यायच्या, प्रवासात काही मोडायचं, आणि मोडलेलं जोडायचं काम आमच्या कंपनीकडे होतं. म्हणजे माझ्याकडे. प्रदर्शन मांडणाऱ्या दिमित्राबाई स्वतः ग्रीक, वयाने माझ्याच जवळपास. त्याही एकट्याच आल्या होत्या. आमचं दोघांचंही इंग्रजी मोडकंतोडकं, त्यामुळे बोलणं सोपं व्हायचं. खांबाच्या पोटाची गोष्ट मला त्यांनीच सांगितली. मी तो उद्योग आपल्या डोक्याने केला होता हे कळल्यावर त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. चार वर्षांत माझ्या कामासाठी पहिल्यांदा कुणी हात पुढे केला होता.

त्यांनी मला तरुणांच्या पुतळ्यांची रांग दाखवली. सगळ्यांत जुना ताठ, मुठी मांड्यांना चिकटलेल्या, डावा पाय जरा पुढे, ओठांवर कारण नसलेलं हसू. त्यानंतरच्यांचे गुडघे, बरगड्या खऱ्या व्हायला लागतात. आणि मग एक पुतळा येतो, त्याने सगळा भार एका पायावर टाकलाय, कंबर एका बाजूला कलली आहे, मान वळली आहे, हसू गेलंय. बाई म्हणाल्या, यात शे-दीडशे वर्षं गेली. मी म्हटलं, एवढा वेळ लागायचाच. उभं राहणं अवघड, आमचा देव म्हणून बसलेला असतो.

मडकी मला जास्त कळली. आधी लाल मडक्यावर काळी माणसं, पुढे उलट, काळ्या मडक्यावर लाल. तो काळा म्हणजे रंग नव्हेच. तीच माती पाण्यात गाळून लोण्यासारखी करायची, ती लावायची आणि भट्टीत धूर कोंडून काळी करायची. पहिल्या प्रकारात माणूस काळा भरून आतल्या रेघा कोरून काढाव्या लागत. दुसऱ्यात माणसाची जागा मातीच्या रंगाची सोडायची, सभोवती काळं भरायचं आणि आतल्या रेघा कुंचल्याने ओढायच्या. कोरण्यापेक्षा ओढलेली रेघ केव्हाही जिवंत. मी सगळी मडकी पाहिली आणि बाईंना म्हटलं, जुन्या मडक्यांवर चेहरा बाजूने काढलाय पण डोळा समोरून काढलाय, आणि मडकी नवी होत जातात तसा डोळाही हळूहळू बाजूचा होतो. त्यांनी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, आमच्याकडे मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्याला सगळ्यांत वरचा मान. डोळा बघायचा नाही तर काय बघायचं?

अशात एका शुक्रवारी निर्मलाने फोनवर घरचं काही सांगितलं नाही. म्हणाली, "छातीत गाठ आहे. गुरुवारी सकाळी ऑपरेशन. पनवेलला." मुलगी तेव्हा नाशिकला सासरी होती, नववा महिना भरत आलेला, तिला हलता येत नव्हतं. निर्मलाचा भाऊ सोबत जाणार होता. मी म्हटलं, चांगले डॉक्टर आहेत ना? ती म्हणाली, "आहेत." मग म्हणाली, "एवढं एकदा या."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. तिने मागितलेली ही पहिली गोष्ट.

शनिवारीच मी हानी साहेबाला गाठलं. तेव्हा कंपनीने परवानगीच्या कागदावर सही केल्याशिवाय देशाबाहेर पडता येत नसे. त्याने माझ्यादेखत फोन फिरवले, दुपारपर्यंत सही आणली. मंगळवार संध्याकाळचं तिकीट. म्हणाला, "शेवटचं खोकं उद्या येतंय. लागलं तर बघ, नाही तर राहू दे. वाइफ फर्स्ट." हे मी मुद्दाम लिहितो आहे.

रविवारी खोकं उघडलं. आत थडग्यावरच्या एका दगडाची नक्कल होती. एक बाई खुर्चीत बसली आहे, समोर दासी उघडी पेटी घेऊन उभी. बसलेली बाई मेलेली आहे. ग्रीक लोक थडग्यावर रडारड कोरत नसत, माणूस रोज जे करायचा तेच करताना कोरत. बाईचा उजवा हात मनगटापाशी तुटून तीन तुकडे झाले होते. खोकं उघडणाऱ्याने सही करायची असते, 'सर्व तुकडे मिळाले' अशी. तीन तुकडे जुळत होते. मी सही केली. सोमवारी दुपारपर्यंत हात जोडला, घासला, मागे सरकून पाहिलं.

हात छातीच्या उंचीवर उचललेला. अंगठा आणि तर्जनी जुळलेली, चिमटीत काहीतरी धरलं आहे अशी. बाईचे डोळे त्या चिमटीवर खिळलेले. आणि चिमटीत काहीच नाही.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: मोदक पडला.

हे बाहेरच्याला कळायचं नाही. गणपती गाडीतून नेताना सगळ्यांत आधी मोडतो तो हातातला मोदक. आमचे वडील मूर्ती पोचवायला जाणाऱ्याच्या बरोबर सुट्या मोदकांचा डबा द्यायचे. गिऱ्हाइकाच्या दारात उतरवायच्या आधी हात बघायचे, मोदक पडला असेल तर तिथल्या तिथे बसवायचा. देवाचा एकही हात रिकामा ठेवायचा नाही असा त्यांचा दंडक होता. आशीर्वादाच्या हातावरही स्वस्तिक काढलेलंच असतं. पेणच्या माणसाला मूर्तीचा रिकामा हात दिसला की तो एकच अर्थ काढतो, वाटेत काहीतरी पडलंय आणि ते आपल्या हातून पडलंय.

मी धावत स्टोअरकीपर जोसेफकडे गेलो. खोक्यातला भुसा त्याने मागच्या अंगणात कचऱ्याच्या ढिगावर टाकला होता. त्या उन्हात आम्ही दोघांनी ढीग उपसला. सोमवार संध्याकाळ आणि मंगळवारची अख्खी सकाळ. खिळे सापडले, कागद सापडले, चिमटीत बसेल असं काही नाही. जोसेफ म्हणाला, "भाई, तू जा. मैं बोलूँगा ऐसा ही आया था." पण सही माझी होती. मी गेल्यावर चौकशी झाली तर जोसेफच्या गळ्याशी येणार होतं. आणि खरं सांगायचं तर जोसेफ हे निमित्त. रिकामा हात टाकून मला निघवेना. दिमित्राबाईंच्या नजरेतून मी उतरेन ही भीती होती. ज्या बाईंनी माझ्याशी हात मिळवला त्यांना फोन करून 'मी हरवलं' असं सांगायला माझी जीभ रेटेना.

दिमित्राबाई दोहातच होत्या. एक फोन करायचा अवकाश होता.

मी हानी साहेबाकडे जाऊन तिकीट गुरुवारवर ढकलायला सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "मिस्त्री, आर यू क्रेझी? गो." मी म्हटलं, काम बाकी आहे. त्याने खांदे उडवले आणि फोन उचलला.

मग मी निर्मलाला फोन केला आणि म्हटलं, "साहेब सोडत नाहीत."

"बरं," ती म्हणाली.

बुधवारी मी सूक वाकिफला गेलो. पेटीतून दोन बोटांनी उचलून बाई काय बघेल? दागिनाच. कसला, ते मला माहीत नव्हतं. माझ्या हाताला माहीत होतं तेच त्याने केलं. बारीक काळे मणी घेतले, मेण लावलेल्या दोऱ्यात दोन पदरी ओवले, मधे पितळेच्या पत्र्याच्या दोन वाट्या ठोकून बसवल्या. फोन बंद करून काम केलं, हात हलू नये म्हणून. गुरुवारी सकाळी लवकर मुशैरिबला जाऊन मी ती माळ मेणाने तिच्या चिमटीत बसवली. सुरेख बसली. पदर बरोबर मनगटाखाली पडला होता. मला वाटलं, आता ही कशाकडे बघते आहे ते कळतं.

आठ वाजता दिमित्राबाई आल्या. तिकडे पनवेलला तेव्हा साडेदहा झाले होते.

बाई त्या दगडापुढे थबकल्या. "हे तिला कुणी दिलं?" त्या हसायला लागल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. मी सगळं सांगितलं, ढीग उपसल्याचंही. त्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं.

काहीच हरवलं नव्हतं. ग्रीकांचे सगळे पुतळे रंगवलेले असत. ओठ लाल, केस गडद, वस्त्रांना काठ, डोळ्यांत बुबुळं. आपण बघतो तो पांढरा दगड म्हणजे रंग उडून उरलेला दगड. या बाईच्या चिमटीतला दागिना कोरलेलाच नव्हता, नुसता रंगाने काढलेला होता. रंग उडाला, चिमटी राहिली. मूळ दगडातही ती शेकडो वर्षं रिकामीच आहे.

"तुमच्या गणपतीसारखे रंगवलेले," बाई म्हणाल्या. एरवी हे ऐकून मी उडालो असतो. पुतळे रंगवणारा तो कुठला मिस्त्री, त्याचा डोळा कसा, त्याने काळे मणी काढले की सोनेरी, असे शंभर प्रश्न विचारले असते. मी विचारलं ते एवढंच, की वाजले किती.

"मला फोन का नाही केला?" बाईंनी विचारलं. याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता आहे, ते वर लिहिलं आहे. त्यांनी हलक्या हाताने मेण सोडवलं आणि माळ माझ्या तळहातावर ठेवली. ती मी विमानतळावर जाताना कुठे टाकली ते आठवत नाही.

शुक्रवारी पहाटे मुंबईला उतरून तसाच पनवेलला गेलो. निर्मला पडून होती. गळा मोकळा, हातांत बांगड्या नाहीत. ती म्हणाली, "आलात?" भाऊ म्हणाला, दाजी, सगळं नीट झालं. तपासणीत गाठ साधी निघाली. पण हे पुढे आठवड्याने कळलं. ती आत जात होती तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मी आणखी दोन वर्षं दोहात काढली. शुक्रवारचे फोन चालू राहिले. घरचं ती सगळं सांगायची. फोनच्या शेवटी कधी येणार हे मात्र तिने परत विचारलं नाही. मीच सांगायचो, पुढच्या महिन्यात येतोय. ती म्हणायची, बरं. मी कायमचा परत आलो त्या दिवशीही तिने शेजारणीला सांगितलं, हे आलेत. थांबणार का, ते तिने तेव्हाही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात हा लेख लिहायला बसलो तेव्हा ट्रंकेतून प्रदर्शनाचं माहितीपत्रक काढलं. त्यात त्या बाईचा फोटो आहे. ते पान टेबलावर उघडं होतं. निर्मला चहा ठेवायला आली, चष्मा लावून वाकून बघायला लागली.

"ही कोण?"

"थडग्यावरची बाई आहे. मेलेली."

"मेलेली वाटत नाही. काय करतेय?"

"पेटीतून दागिना काढून बघतेय. दागिना आता दिसत नाही."

"बघत नाहीये," निर्मला म्हणाली. "काढून धरलाय. कुणाकडे द्यायचा, कळत नाहीये तिला."

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी अंगावरचं सगळं काढायला लावतात. बांगड्या काढून पिशवीत टाकल्या. मंगळसूत्र टाकवेना. भाऊ खाली औषधं आणायला गेला होता. मी अशी चिमटीत धरून दाराकडे बघत बसले होते. म्हटलं, सुटले असतील, येतील. मग आया म्हणाली, बाई, द्या माझ्याकडे, डॉक्टर थांबलेत."

चहावर साय धरत होती. मी म्हटलं, "निर्मला, साहेबांनी सोडलं होतं. मंगळवारीच. मी थांबलो."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बुधवारी तुमचा फोन लागेना, म्हणून मी तुमच्या वर्कशॉपच्या नंबरवर केला. तो जोसेफ बोलला. भाभी, साहब ने तो कल ही छोड़ दिया था. कुछ गुम गया है, वो ढूँढ रहा है, म्हणाला." तिने फोटो जवळ ओढला. "मग सापडलं का ते?"

"नव्हतंच काही. नुसता रंग होता, तो उडाला होता. मी नवीन करून दिलं. काळे मणी आणि दोन वाट्या."

"कधी?"

"गुरुवारी सकाळी."

तिने फोटोतल्या चिमटीवर बोट ठेवलं. "म्हणजे त्या सकाळी तुम्हीही मंगळसूत्र हातात धरून होतात," ती म्हणाली. "बाई दुसरी होती, एवढंच."

तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, "इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," निर्मला म्हणाली.